एकदा तपासलेली गाडी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बिबड्या. दादर ज्वारीचे पापड. सकाळी सातला गच्चीवर खाट टाकली, वर तिचं जुनं लुगडं ओलं करून पसरलं आणि ती थापायला बसली. माझं काम लुगड्याचं टोक ताणून धरायचं. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात तेवढंच काम मला मिळालं. पीठ शिजवणं, थापणं, वाळल्यावर सोडवणं, यातलं काही माझ्या हातात तिनं दिलं नाही.

"फडकं ताणीसन धरा. हातम्हा जीव शे का नही?"

मध्येच ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि खाली ओरडली, "सुटनं का व?"

खालून पोरगी म्हणाली, "नाही, माय."

"कसं सुटी? सकायपासून जेवनी नही तू."

तीन ओळी झाल्या, चौथी अर्धी झाली. ऊन वाढलं. ती उठली, हात पुसले, म्हणाली, "पानी पिसन येस. टोक सोडू नका."

मी सोडलं नाही. टोक धरून उभा राहिलो, बराच वेळ. खाली भांडं पडलं तेव्हासुद्धा आधी वाटलं, मांजर असेल. पोरगी "माय!" म्हणून ओरडली तेव्हा टोक सुटलं.

धुळ्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, हृदय. हृदय तर सगळ्यांनाच असतं. मला वाटतं त्यालाही काही कळलं नव्हतं, पण एवढं शिकल्यावर माणसाला काहीतरी म्हणावं लागतं.

पोरगी काय सोडवत होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी तिसरी शिकलेला माणूस, तेव्हा मला जेवढं कळलं तेवढंच सांगेन. तिनं जळगावला इंजिनिअरिंग केलं, पुण्याला नोकरी केली आणि आता सोनगीरला आमच्या मधल्या खोलीत बसून काम करते. कॉम्प्युटरचे प्रोग्राम एकेक माणूस लिहीत नाही. शंभर माणसं शंभर गावांहून एकच प्रोग्राम लिहितात. कोणी कुठली ओळ बदलली, कधी बदलली, बदल चुकला तर मागचं परत कसं आणायचं, हे सांभाळायला एक वेगळा प्रोग्राम असतो. त्याला ती व्हर्जन कंट्रोल म्हणते. हा प्रोग्राम जगभर फुकट वापरतात, आणि दुरुस्त करणारी माणसं मोजकी. त्यांत आमची एक. बाकीची कुठल्या कुठल्या देशांत. तिनं एकाचंही तोंड पाहिलेलं नाही.

त्यात एक भोक सापडलं होतं. दुसऱ्याचं काम आपल्या मशीनवर उतरवून घेतलं की हा प्रोग्राम त्यातल्या फायली एकेक करून आपल्या कप्प्यात ठेवतो. पण त्या पसाऱ्यात एखादी फाईल खोटी असते. तिच्यात माल नसतो, नुसतं बोट असतं: मी इथं नाही, तिकडं जा. चोरानं ते बोट नेमक्या जागी बसवलं, तर पुढची फाईल कप्प्यात न पडता बोट दाखवेल तिथं जाऊन पडते. आणि मशीन जिथले हुकूम न विचारता पाळतं, बोट तिथलंच असतं. म्हणजे तुम्ही कोणाचं काम बघायला म्हणून घरात घेतलं आणि त्यानं तुमच्या घरात हुकूम सोडले.

"एवढे शिकलेले लोक, बोट आणि माल यातला फरक बघत नाहीत?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"बघतात, आबा. एकदा बघतात. दरवेळी बघायला वेळ लागतो म्हणून एकदा बघितलेलं लक्षात ठेवतात. हा कप्पा खरा आहे, असं मनात धरून चालतात. आणि मधल्या मधे कोणीतरी तो कप्पा काढून तिथं बोट ठेवतं."

मला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते.

कारण मी धुळ्याच्या एका जिनिंगच्या गिरणीत फाटकावर होतो. कापसाच्या गाड्या यायच्या. मी गाडीत खांद्यापर्यंत हात घालायचो. ओल हाताला कळते. कोरडा असला की चिठ्ठी द्यायचो, गाडी आत. फाटकापासून कापसाच्या गंजीपर्यंत दोनशे पावलं. त्या दोनशे पावलांत पाण्याचा हौद. एका वर्षी एक गाडी मी स्वतः हात घालून तपासली, चिठ्ठी दिली आणि चहाला गेलो. त्या माणसानं हौदाजवळ गाडी थांबवून वरचा कोरडा कापूस बाजूला केला, खाली पाणी मारलं आणि माझ्या चिठ्ठीवर ओला कापूस गंजीत ओतला. गंजीवरच्या माणसानं चिठ्ठी बघितली, कापूस बघितला नाही. आठ दिवसांनी गंजी आतून तापली. पिवळा पडलेला कापूस बाहेर काढताना मुकादम मला सगळ्यांसमोर म्हणाला, "तू हात घातला होतास ना? मग हा हात कापून गंजीवर ठेव, तिथं उपयोगी पडेल." तेव्हापासून त्या गिरणीत नियम झाला: फाटकावर बघा न बघा, ओतताना हात घालायचाच.

हे मी पोरीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. वाटलं, आता उडी मारेल.

ती म्हणाली, "हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आबा. तुमच्या गिरणीत एक गंजी होती. इथं सतरा ठिकाणी गाड्या रिकाम्या होतात. आणि सगळीकडे हात घातला तर प्रोग्राम रांगायला लागतो, मग तेच लोक मला शिव्या देतात."

बायको कोपऱ्यात लसूण सोलत होती. म्हणाली, "भेटना जबाब? आते गुपचूप बठा." मिळालं ना उत्तर, आता गप्प बसा. त्या दिवसापासून रोज सकाळी ती पोरीला विचारायची, सुटलं का. तिला काय सुटायचं ते काही ठाऊक नव्हतं. पण विचारायची.

एक गोष्ट आणखी. असं भोक सापडलं की बोंब मारत नाहीत. गुपचूप दुरुस्त करतात, एक दिवस ठरवतात आणि त्या दिवशी ठरल्या वेळी दुरुस्ती सगळ्या जगाला एकदम देतात. आधी फुटलं तर चोरांचं फावतं, उशीर झाला तरी चोरांचंच. कारण कोणीतरी बाहेर कुजबुजायला लागलं होतं. दिवस ठरलेला होता. तो दिवस आणि बायकोच्या गंधमुक्तीचा, म्हणजे बाराव्याचा दिवस एकच निघाला.

आमच्याकडे माणूस गेलं की दहा-बारा दिवस द्वारदर्शन चालतं. गावोगावची माणसं येतात, दारासमोर सतरंजीवर बसतात, पाच मिनिटं जमिनीकडे बघतात आणि उठून जातात. घरधन्यानं दारात बसून राहायचं. मी बसलो. फाटकावर आयुष्य गेलेल्या माणसाला दारात बसायला काय लागतं.

एकेक नमुना बघितला. "कशानं गेली?" विचारायचं आणि उत्तर अर्ध्यात असताना मोबाईल काढायचा. एकानं मला शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलीबद्दल विचारलं. माझ्यासाठी नाही, त्याच्या पुतण्यासाठी चौकशी करत होता, पण सतरंजी आमची. एकजण म्हणाला, भाग्यवान, सवाष्ण गेली. मी म्हटलं, तुझ्या घरी पण असं भाग्य येवो. तो परत आला नाही. बरं झालं.

तिसऱ्या दिवशी पोरगी मधल्या खोलीत मशीन उघडून बसली.

खोटं कशाला सांगू, पहिला राग मलाच आला. मी आत गेलो ते मशीन मिटायलाच. तिनं आईचं दुसरं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं होतं, थंडी वाजल्यासारखं, आणि बाहेर अंडं तळेल असं ऊन. डोळे कोरडे.

"दुसरं कोणी नाही का तुझ्याशिवाय?"

"आहेत. पण सगळी सतरा ठिकाणं मला माहीत आहेत. त्यांना समजावत बसले तर दिवस निघून जाईल." मग म्हणाली, "माय रोज विचारायची सुटलं का. मी रोज नाही म्हणाले, आबा."

मी दार ओढून घेतलं आणि माझी सतरंजी त्या दारासमोर सरकवली. आत जायचं तर आता माझ्या अंगावरून जावं लागलं असतं.

बायकांनी प्रयत्न केला. एक आक्का म्हणाली, पोरीला बाहेर आणा, गळ्यात पडून रडू द्या, मन मोकळं होतं. मी म्हटलं, तुमचं मन मोकळं करायला माझी पोर कशाला? रडा इथंच. पाचव्या दिवशी आतून पोरगी ओरडली, "आबा, नेट गेलं!" बघितलं तर दारावर आलेल्या एका पाव्हण्यानं ओसरीतल्या इंटरनेटच्या डब्याची पिन काढून तिथं आपला मोबाईल चार्जिंगला लावला होता, आणि स्वतः डोक्याला हात लावून दुःखात बसला होता. मी त्याचा मोबाईल काढून त्याच्या हातात दिला.

"भाऊ, फक्त दहा टक्के राहिला होता," तो म्हणाला.

"तेवढ्यात घरी पोचशील. नीघ."

मग उरला बायकोचा भाऊ. दोंडाईच्याचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि दहा पट शहाणा, असं त्याला वाटतं. बहिणीवर त्याचा जीव होता, हे मी नाकारत नाही. दर उन्हाळ्यात बिबड्यांचा पहिला डबा त्याच्याकडे जायचा, मग आमच्या घरात दुसरा. मी त्यावर बोललो की ती म्हणायची, भाऊचा डबा मोजू नका. तो रोज यायचा, रोज सतरंजीवर बसून त्या बंद दाराकडे बघायचा.

"दाजी, माय मरनी आनि आंडेर मशीनवर बठनी. काय म्हनतीन लोके?" आंडेर म्हणजे पोरगी.

"जे म्हनानं ते म्हनू दे."

"तुमनी फूस शे तिले." फूस तुमचीच आहे.

"हो, शे."

गंधमुक्तीला सुतक फिटतं. आमच्यात त्या दिवशी माहेरचा माणूस नवी टोपी आणतो आणि भाऊबंदांसमोर आपल्या हातानं घरधन्याच्या डोक्यावर घालतो. ती घातली की माणूस पुन्हा चारचौघांत यायला मोकळा. स्वतःच्या हातानं घालायची नसते. तोवर उघडं डोकं.

जेवणं उरकली. मंडळी मांडवात बसली. टोपीची वेळ आणि पोरीची वेळ एकच. मी तिला सकाळीच विचारलं होतं, अर्धा तास पुढे-मागे होणार नाही का. ती म्हणाली, सगळे देश त्याच वेळेला हात ठेवून बसलेत. शेवटच्या ठिकाणी सकाळी गडबड निघाली होती: एका जातीच्या मशीनवर तिची दुरुस्ती चांगल्या फायलीलाच बोट समजून अडवत होती. ती ते निस्तरत होती. चेहरा कागदासारखा.

शालकानं टोपी हातात घेतली, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आधी पोरीला बाहेर बोलवा. मायच्या फोटोपुढे बसू द्या तिला. मग टोपी."

"अर्ध्या तासानं येईल."

"आता."

"आता नाही येणार."

सगळा मांडव बघत होता. शालक म्हणाला, "मन्ही बहीण बारा दिवसम्हा एक आसूले महाग हुई गई." बारा दिवसांत बहिणीला पोरीचा एक अश्रू मिळाला नाही, असं. मला ते लागलं. लागायलाच बोलला होता. पण अंगावर आलेलं प्रत्येक बोलणं खरं मानायचं नसतं, हे मी फाटकावर शिकलो होतो.

मी म्हटलं, "तर मग टोपी राहू दे."

कोणीतरी म्हणालं, अहो भाऊ, असं नका. कोणीतरी म्हणालं, डोकं फिरलंय याचं. शालकानं टोपी सतरंजीवर ठेवली, फेकली नाही, ठेवली, पायात चपला घातल्या आणि दोंडाईच्याची बस धरायला गेला. त्याच्यामागे मांडव हळूहळू रिकामा झाला. उघड्या डोक्याचा माणूस आणि समोर टोपी. बघायला मजा असली तरी किती वेळ बघणार.

मी बसून राहिलो. हायवेवरून ट्रक जात होते. आत कळा दाबल्याचा आवाज यायचा, थांबायचा. मग बराच वेळ नुसता थांबला.

दार उघडलं. पोरगी म्हणाली, "गेलं, आबा."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

मी रस्त्याकडे बघितलं. ट्रक तसेच. लिंबाचं पान हललं नाही. एवढ्यासाठी माझं डोकं उघडं राहिलं. जगानं काय, ढुंकून बघितलं नाही. मी विचारलं, "आता सगळ्यांच्या मशीनी नीट झाल्या?"

"ज्यांनी नवीन घेतलं त्यांच्या. बरेच लोक महिनोन्महिने घेत नाहीत. नंतर बघू म्हणतात."

"गाढवं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग चुलीजवळ गेली, जिथं आई पाणी प्यायला गेली होती तिथं, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. म्हणाली, "माय, सुटनं व." आणि मग जे रडू आलं ते संध्याकाळपर्यंत. लाल डब्याच्या गाडीत बसून शालक तेव्हा चिमठाण्याच्या पुढे गेला असेल. ज्या रडण्यासाठी तो बारा दिवस दाराकडे बघत बसला, ते ऐकायला तो नव्हता. मी होतो, आणि मला काही करता आलं नाही. पाण्याचा तांब्या भरून जवळ ठेवला. तोही तिनं उपडा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपलेली होती. मी गच्चीवर गेलो.

खाट तिथंच होती. त्या दिवशी शेजारणीनं वरून एक चादर टाकून कडेला विटा ठेवल्या होत्या, आणि सुतकात कोणी हात लावला नव्हता. साडेतीन ओळी. लुगड्याला घट्ट चिकटून कडक झालेल्या. बिबड्या सोडवायला लुगडं उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडावं लागतं, मग एकानं ताणून धरायचं आणि दुसऱ्यानं सोडवायच्या. मी एक टोक कठड्यावर ठेवून वर वीट ठेवली. विटेनं ते नीट ताणून धरलं. चाळीस-पन्नास उन्हाळे मी जे काम केलं ते वीट माझ्यापेक्षा बरं करत होती, आणि तिला बोलावंही लागत नव्हतं.

तिचं काम मात्र मला जमलं नाही. पहिल्या सात-आठ मोडल्या. मग पाणी जास्त मारलं, तर मऊ पडून फाटल्या. अर्ध्या ओळीतल्या सगळ्यांत शेवटच्या बिबडीवर तिची बोटं उमटलेली होती, चार. ती सोडवली नाही. लुगड्यासकट घडी घालून ठेवली.

बाकीच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या. एकच डबा भरला. पहिला तोच, शेवटचा तोच. सतरंजीवरची टोपी झटकून घडी करून डब्याबरोबर पिशवीत टाकली. पोरीच्या उशाशी तिचा चहा झाकून ठेवला आणि फाट्यावर येऊन दोंडाईच्याची बस धरली. उघड्या डोक्यानं. ओळखीचे दोघे होते बसमध्ये, दोघेही खिडकीबाहेर बघायला लागले.

शालकाचं दार उघडंच होतं. तो ओट्यावर दात घासत होता. मला बघून चूळ भरली, तोंड पुसलं. मी डबा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं झाकण काढलं, खालपर्यंत हात घातला आणि मूठभर वर काढलं.

"बठ्ठा मोडेल शेतस." सगळ्या मोडलेल्या.

"मी सोडवल्या."

एक तुकडा त्यानं तोंडात टाकला, कच्चाच. चावत राहिला. बराच वेळ चावला.

"पोरगी रडली?"

"रडली."

"कव्हय?"

"तू गेल्यावर. संध्याकाळपर्यंत."

त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि डबा आपल्या बाजूला ओढून घेतला. मग माझ्या डोक्याकडे बघितलं.

"टोपी आनी का?"

मी पिशवीतून टोपी काढून त्याच्या हातात दिली आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलो, त्याला हात वर करावा लागू नये म्हणून.